चौथ्या स्टेजचा आतड्याचा कॅन्सर आणि दोन वर्षांची इम्युनोथेरपी

जानेवारी २०२६ मध्ये माझा इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनाच कॅन्सरशी लढायला मोकळं करणाऱ्या उपचाराचा, शेवटचा डोस झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये निदान झालं तेव्हा या उपचाराबद्दल मराठीत काही वाचायला मिळतंय का, हे मी रात्र रात्र शोधत होते. बातम्या मिळाल्या, जाहिराती मिळाल्या. पण कोणता कागद कधी मागायचा, पैसे कुठून कसे उभे राहतात, इंजेक्शननंतर घरी नक्की काय होतं, हे कुणी सांगेना. म्हणून हे लिहिते आहे. मी सांगलीत एका करसल्लागारांकडे हिशेबाचं काम करते. चिठ्ठीचपाटीसुद्धा तारीख घालून फायलीला लावायची सवय असल्यामुळे इथल्या तारखा आणि आकडे त्या फायलीतूनच घेतलेत. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, तो माझं वाचून घेऊ नका.

सुरुवात झाली ती थकव्यातून. २०२३ च्या उन्हाळ्यात जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. वय ४७, पाळी अनियमित. सगळ्यांनी तिकडेच बोट दाखवलं. लोहाच्या गोळ्या झाल्या, मग लोहाची सलाइनं झाली. हिमोग्लोबिन वर यायचं आणि दोन महिन्यांत पुन्हा खाली. शेवटी मिरजेतल्या एका फिजिशियनबाईंनी विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर होता का?" आईला ५२ व्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता आणि धाकट्या मामाला आतड्याचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं आमच्या घरात कधीच कुणाच्या मनात आलं नव्हतं.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीनं केलेल्या आतड्याच्या तपासणीत, उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ दिसली. उजवीकडची गाठ बऱ्याचदा अशीच वागते म्हणे. पोट फारसं दुखत नाही, संडासात रक्त डोळ्यांना दिसत नाही, नुसतं आतल्या आत झिरपत राहतं. मग पेट स्कॅन झाला. त्याचे अठरा हजार रुपये, सकाळपासून उपाशीपोटी, आणि इंजेक्शन दिल्यावर तासभर न बोलता पडून राहायचं. रिपोर्टात यकृतात चार गाठी आणि पोटातल्या लिम्फ नोड्समध्ये (लसिका ग्रंथींत) पसरलेला आजार. म्हणजे चौथी स्टेज. नवऱ्यानं रिपोर्ट गाडीत वाचला आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. त्या दिवसाबद्दल एवढंच पुरे.

आता ज्या चाचणीसाठी मी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते.

पहिल्या डॉक्टरांनी लगेच केमोथेरपी सुरू करायचा सल्ला दिला, तारीखही दिली. सल्ला चुकीचा नव्हता, बहुतेक रुग्णांना तेच लागतं. पण फिजिशियनबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: "केमोच्या आधी एमएमआर बघा." कोलोनोस्कोपीत काढलेल्या तुकड्याचा मेणात बसवलेला ठोकळा पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. एमएमआरची (मिसमॅच रिपेअर, म्हणजे जनुकांतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) चाचणी त्याच्यावरच होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. साडेपाच हजार रुपये आणि सहा दिवस लागले. रिपोर्टात चार नावं असतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. पेशीची नक्कल निघताना जनुकांत ज्या बारीकसारीक चुका होतात, त्या दुरुस्त करणारी ही चार प्रथिनं. माझ्या रिपोर्टात शेवटच्या दोघांपुढे 'नाही' लिहून आलं.

मला ते आमच्या धंद्याच्या भाषेत चटकन कळलं. ऑडिटर बेपत्ता झाला की वह्यांत चुकीच्या नोंदी साचत जातात, तसं या गाठीतल्या पेशींचं झालं होतं. गंमत अशी, की हेच पुढे कामी येतं. इतक्या चुका साचलेल्या पेशी शरीराच्या संरक्षक पेशींना परक्या दिसतात, त्या हल्ला करायला येतातही, पण गाठ त्यांच्यावरचा पीडी-१ नावाचा ब्रेक दाबून धरते. मला दिलेलं पेम्ब्रोलिझुमॅब ही एक अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन. ती त्या ब्रेकवर जाऊन बसते आणि गाठीला तो दाबू देत नाही. कॅन्सरच्या पेशी हे औषध स्वतः मारत नाही. हा ब्रेक शोधणारे जपानचे तासुकू होंजो आणि अशाच दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन, या दोघांना २०१८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

आता याची दुसरी बाजू. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा दोष असलेले रुग्ण शंभरात चार-पाचच असतात. उरलेल्या पंचाण्णवांत हे औषध एकट्यानं जवळपास निरुपयोगी ठरतं. डे केअरमध्ये (औषध घेऊन त्याच दिवशी घरी जायच्या विभागात) शेजारच्या खुर्चीवर साताऱ्याचे एक काका असायचे. त्यांची गाठ डाव्या बाजूला आणि चारही प्रथिनं जागेवर. "तुम्हाला ते नवं मिळतंय, मला का नाही?" असं त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं. त्यांना केमोबरोबर सेटुक्सिमॅब चालू होतं. तीही अँटिबॉडीच, पण तिचं काम वेगळं. ती गाठीच्या वाढीचा इशारा अडवते. त्यांच्या चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ आलेलं असायचं आणि ते आलं की औषध लागू पडतंय म्हणतात, असं ते हसून सांगायचे. आणखी एकींना बेव्हासिझुमॅब होतं, ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखतं. तेव्हा कुणी 'अँटिबॉडी घेतोय' म्हणालं, तर कोणती ते विचारा. तिन्ही एकच समजून नातेवाईक डॉक्टरांशी भांडलेले मी पाहिलेत. या काकांच्या मुलानं ओळखीतून पेम्ब्रोलिझुमॅब खासगीत घ्यायची तयारी केली होती, डॉक्टरांनी ठाम नकार दिला. मला तो नकार फार प्रामाणिक वाटला.

डिसेंबर २०२३ मध्ये दुसरं मत घ्यायला परळला टाटा मेमोरियलला गेलो. सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, रात्री बसलं की सकाळी मुंबई. लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही घ्या, नुसता रिपोर्ट चालत नाही. तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा बघतात. ब्लॉक देताना लॅब पावतीवर नंबर लिहून देते, ती पावती जपा, कारण पुढे जनुकांच्या चाचणीला तोच ब्लॉक लागतो. स्कॅनची सीडीही न्या. गर्दीचं काय सांगू! फुटपाथवर झोपलेली कुटुंबं बघून आपलं दुःख आपोआप आवरतं घेतलं जातं. नंबर लागायला वेळ गेला, पण डॉक्टरांनी घाई केली नाही. त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीनोट-१७७ या अभ्यासाचे आकडे कागदावर लिहून दाखवले. माझ्यासारखेच ३०७ रुग्ण, अर्ध्यांना केमो, अर्ध्यांना पेम्ब्रोलिझुमॅब. आजार न वाढता गेलेल्या काळाचा मध्यक (निम्मे रुग्ण त्याच्या वर, निम्मे खाली) केमोवर ८.२ महिने, या औषधावर १६.५. गंभीर दुष्परिणाम केमोवर शंभरात ६६ जणांना, यावर २२ जणांना. मग त्यांनी त्याच कागदावर खाली आणखी एक आकडा लिहिला: हे औषध लागूच न पडता आजार वाढत गेलेले शंभरात २९, आणि केमोवर मात्र १२. "हे लागू पडलं तर फार चांगलं लागू पडतं, नाही पडलं तर लवकर कळतं," ते म्हणाले. तो कागद माझ्या फायलीत पहिल्या पानावर आहे. हेच औषध पुण्यात घ्या, दर तीन आठवड्यांनी मुंबईला येऊ नका, हेही त्यांनीच सांगितलं.

आता पैसे. माझा डोस २०० मिलिग्रॅमचा, दर तीन आठवड्यांनी. एका व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) १०० मिलिग्रॅम, म्हणजे दर वेळी दोन. जानेवारी २०२४ मध्ये एका व्हायलची छापील किंमत दोन लाखांच्या घरात होती. १ एप्रिल २०२३ पासून सरकारनं या औषधावरचं मूळ सीमाशुल्क माफ केलं होतं, आणि माफीनंतरची ही किंमत! आम्ही दोघं त्या रात्री वहीवर गुणाकार करत बसलो आणि तिसऱ्या ओळीनंतर वही मिटली.

मार्ग निघाला तो तीन ठिकाणांहून मिळून. पहिलं म्हणजे कंपनीची रुग्ण-साहाय्य योजना: सुरुवातीचे ठरावीक डोस विकत घेतले की पुढचे कंपनी पुरवते. त्याच्या अटी बदलत राहतात, म्हणून रुग्णालयाच्या फार्मसीत किंवा डॉक्टरांच्या सहायकाकडे पहिल्या बिलाच्या आधी चौकशी करा. नोंदणीपूर्वी घेतलेले डोस धरले जातीलच असं नाही. त्यांना डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी, बायोप्सी आणि एमएमआरचा रिपोर्ट, आधार, औषधाची मूळ बिलं आणि पुढे पुढे रिकाम्या व्हायलही लागायच्या. दुसरं म्हणजे मेडिक्लेम. तिसरं, आमच्या मोडलेल्या एफडी आणि माझ्या पाटल्यांवरचं सोनेतारण. पहिल्या वर्षी सगळं वजा जाता खिशातून साधारण बारा लाख गेले. हे लिहिताना संकोच वाटतो, पण आकडा न सांगता 'खर्चिक आहे' म्हणण्यात काय अर्थ?

मेडिक्लेमचं जरा सविस्तर सांगते, कारण इथं बरेच जण हात टेकतात. आमची दहा लाखांची कुटुंब पॉलिसी, बारा वर्षं जुनी. पहिल्या डोसच्या आधी रुग्णालयानं कॅशलेससाठी कागद पाठवले. उत्तर आलं: नामंजूर, हे इंजेक्शन बाह्यरुग्ण विभागात देता येतं. फोनवरच्या मुलीनं गोड आवाजात "मॅडम, पॉलिसीत नाहीये" सांगितलं. मी तिला तोंडी नको, पॉलिसीच्या कलमाचा नंबर घालून लेखी पाठवा म्हटलं. मग पॉलिसीची ती चाळीस पानी पुस्तिका घेऊन बसले. विमा नियामकानं सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बारा आधुनिक उपचारांची यादी होती. ते पॉलिसीतून वगळता येत नव्हते. त्यात 'इम्युनोथेरपी: इंजेक्शनद्वारे द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी' हे स्पष्ट लिहिलेलं होतं. कंपनीला मर्यादा घालता येत होती, दार बंद करता येत नव्हतं. आमच्या पॉलिसीत या उपचारांना विमा रकमेच्या निम्मी मर्यादा होती, म्हणजे वर्षाला पाच लाख. मी तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यात भावना शून्य. कलम, पान क्रमांक, डॉक्टरांचं पत्र आणि त्या यादीची प्रत, एवढंच. दोन क्वेरी आल्या. 'निदानाची तारीख स्पष्ट करा' आणि 'आधीपासून आजार नव्हता याचा पुरावा द्या.' दुसरीला मी जुन्या हिमोग्लोबिनच्या रिपोर्टांची तारीखवार यादी जोडली. फेब्रुवारीच्या अखेरीस मंजुरी आली, पहिल्या डोसचे पैसे नंतर परतावा म्हणून मिळाले.

नसतं झालं, तर पुढची पायरी विमा लोकपाल. कंपनीचं उत्तर महिन्याभरात आलं नाही किंवा पटलं नाही तर तिथं जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. मुंबई महानगर सोडून बाकी महाराष्ट्राचं कार्यालय पुण्यात आहे. माझा अर्ज टाइप करून तयार होता, तो तसाच राहिला. पॉलिसी घेताना सगळे विमा रक्कम बघतात. ती आधुनिक उपचारांची मर्यादा कुणी बघत नाही. आज संध्याकाळी आपली पॉलिसी काढून तेवढी ओळ शोधा.

राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडेही गेलो होतो. माझ्या या औषधाला तिथून मंजुरी मिळाली नाही, पण शस्त्रक्रिया किंवा केमो करायची असेल तर त्यांना आधी भेटाच. साताऱ्याच्या काकांनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून मुख्यमंत्री साहाय्यता निधीचा आणि सिद्धिविनायक न्यासाचा अर्ज केला होता. त्यासाठी त्यांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं शिक्क्यानिशी अंदाजपत्रक लागलं. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून बाकी काही ठरायच्या आत तो काढायला टाका. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण माफी आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्याचा छापील फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायचा. आयकरात कॅन्सरसारख्या आजारांच्या उपचारखर्चावर (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी) चाळीस हजारांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर एक लाखापर्यंत वजावट मिळते. त्यातून विम्याचे पैसे वजा होतात आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ती मिळतच नाही. हे सांगणं माझा धंदाच आहे, म्हणून फुकट सांगून ठेवलं.

कमी डोस घेतला तर स्वस्तात होईल का, हा प्रश्न मीही विचारला. टाटामधल्याच डॉक्टरांनी निव्होलुमॅब या दुसऱ्या अँटिबॉडीचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये वापरून चांगला परिणाम दाखवला आहे, ते मी वाचलं होतं. माझ्या डॉक्टरांचं उत्तर: तो पुरावा त्या कॅन्सरचा आहे, तुमच्या आजारात पूर्ण डोसचा पुरावा हातात असताना मी तो प्रयोग करणार नाही.

पहिला डोस ८ जानेवारी २०२४ ला. आधी रक्ताची लांबलचक यादी झाली: थायरॉइड, कॉर्टिसॉल, यकृत, मूत्रपिंड, साखर, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही. नंतर काही बिघडलं तर मूळ आकडा काय होता ते कळावं म्हणून. केमोपोर्ट (औषध देण्यासाठी छातीत कातडीखाली बसवतात ती डबी) बसवावा लागला नाही, हाताच्या शिरेतूनच दिलं. आणि मग तो एवढा गाजलेला डोस अर्ध्या तासात संपला! सलाइनच्या नळीला एक बारीक गाळणी लावलेली, पाण्यासारखं रंगहीन औषध, शेजारी नवरा शब्दकोडं सोडवतोय. मळमळ नाही, केस गेले नाहीत. संध्याकाळी कात्रजच्या पुढे थांबून आम्ही मिसळ खाल्ली, अर्थात कमी तिखट.

एक गोष्ट मात्र दर वेळी करायची. सिस्टरनं व्हायल उघडण्याआधी बॉक्सवरचं नाव, बॅच नंबर आणि मुदत आपण वाचायची, फोटो काढायचा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. ती कॅन्सरच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या व्हायल गोळा करून त्यांत बुरशीवरचं साधं औषध भरून विकत होती, त्यांत माझंही औषध होतं. ती बातमी आली त्या आठवड्यात डे केअरमध्ये दुसरा विषय नव्हता. औषध बाहेरून स्वस्तात 'मिळवून देतो' म्हणणारा कितीही जवळचा असो, बिलाशिवाय घेऊ नका. ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. बाहेरून आणलंच तर बर्फाच्या पेटीतून, आणि गोठू न देता.

मार्चमध्ये पहिला स्कॅन झाला आणि यकृतातली सर्वांत मोठी गाठ थोडी वाढलेली निघाली. सीईए, म्हणजे रक्तातला या कॅन्सरचा अंदाज देणारा आकडा, तोसुद्धा वर. डॉक्टर म्हणाले, कधी कधी संरक्षक पेशी गाठीत शिरल्यामुळे ती सुरुवातीला फुगलेली दिसते. कधी खरंच वाढलेली असते. तुमची भूक आणि वजन ठीक आहे, तर आणखी दोन डोस देऊन बघू. ते शंभरातले २९ माझ्या डोक्यातून हलेनात. मला विचाराल तर उपचारातला सर्वांत वाईट काळ तो, बाकी सगळं त्यापुढे सोपं. मार्चअखेर असल्यामुळे ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती, तेवढं बरं झालं. मेमध्ये पुन्हा स्कॅन झाला. चारपैकी एक गाठ दिसेना, बाकीच्या लहान. सीईए निम्म्याच्या खाली.

दरम्यान छातीत धडधड सुरू झाली होती, हात कापायचे. थायरॉइड आधी उसळलं आणि दोन महिन्यांत पार बसलं. टीएसएच साठच्या वर (थायरॉइड मंदावलं की हा आकडा चढतो). मोकळा झालेला संरक्षक पेशींचा फौजफाटा कधी कधी आपल्याच अवयवांवर जातो, त्याचा हा सौम्य प्रकार. आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, ती कायमची.

ऑगस्टमधला प्रकार सौम्य नव्हता. श्रावण सुरू होता, उपवासाचं खाणं चाललं होतं. जुलाब झाले तेव्हा सगळ्यांनी साबुदाण्याला आणि भगरीला दोष दिला. दिवसाला पाच-सहा वेळा, पोटात पीळ, शेंब पडलेली. गल्लीतल्या डॉक्टरांनी जुलाब थांबवायची गोळी लिहिली. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांच्याकडे असे दहा रुग्ण रोज येतात. पण माझ्या पर्समध्ये रुग्णालयानं दिलेलं कार्ड होतं: 'या रुग्णाला इम्युनोथेरपी चालू आहे, जुलाब, धाप, कावीळ, चक्कर, तीव्र डोकेदुखी झाल्यास उपचाराआधी खालील क्रमांकावर फोन करा.' फोन केला, रात्री नवऱ्यानं गाडी काढली, पहाटे पुण्यात दाखल झाले. संडासची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली, दुर्बिणीतून सुजलेल्या आतड्याचा तुकडा घेतला आणि स्टेरॉइड सुरू केलं. प्रेडनिसोलोन रोज ६० मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत दीड-दोन महिन्यांत बंद. ते एकदम बंद करायचं नसतं. त्या काळात डोस थांबवला. साखर चढली, चेहरा सुजून चंद्रासारखा गोल झाला, झोप उडाली. रात्री तीनला उठून मी डाळी निवडायची.

डोस थांबल्याची भीती वाटली, पण औषधाचा परिणाम शरीरात बराच काळ टिकतो असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ऑक्टोबरच्या स्कॅनमध्ये गाठी आणखी आक्रसलेल्याच निघाल्या. नोव्हेंबरात डोस पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. संडासच्या खेपा, वजन, नवा खोकला, अंगावर पुरळ, रोज एक ओळ. केमोचा त्रास बहुधा ठरावीक दिवशी येतो आणि जातो. याचा कधीही, कुठल्याही अवयवात, औषध बंद झाल्यानंतर काही महिन्यांनीही उपटू शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं, कारण तुम्ही बाहेरून अगदी ठणठणीत दिसता आणि लोकांना वाटतं, कॅन्सर बिन्सर काही नव्हताच.

'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' गोष्टींचा तर घरी ढीग लागला. इम्युनोथेरपी म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, मग वरून काढा दिला तर दुप्पट फायदा. आतेसासूबाई गुळवेलीचा काढा बाटलीत भरून घेऊन आल्या. गुळवेलीनं यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि माझ्या यकृतात आधीच काय कमी होतं! मी बाटली ठेवून घेतली, काढा तुळशीला घातला.

२०२५ हे वर्ष त्या मानानं कंटाळवाणं गेलं. दर तीन आठवड्यांनी रक्त, डॉक्टर, अर्धा तास सलाइन, परत. आदल्या दिवशी सांगलीतच रक्त देऊन रिपोर्ट मोबाइलवर पाठवायचे, म्हणजे पुण्यात सकाळचा तिष्ठत बसण्याचा वेळ वाचतो. डॉक्टरांना विचारून सोमवार टाळून मी बुधवार घेतला, गर्दी निम्मी. काम मी बहुतेक काळ चालूच ठेवलं. काकांची खुर्ची दिवाळीनंतर रिकामी दिसली. मी चौकशी केली नाही.

दोन वर्षं झाली की थांबायचं, हे त्या अभ्यासातल्या कमाल मुदतीवरून ठरलं होतं. थांबायची वेळ आली तेव्हा मात्र मीच म्हणाले, आणखी चालू ठेवूया की. डॉक्टरांनी पेट स्कॅन पुढ्यात ठेवला: यकृतात दोन बारीक खुणा, त्यांत हालचाल नाही, आतड्यातली जागा शांत. "हा बरा झाल्याचा दाखला नाही. पण आता औषधाचा धोका फायद्यापेक्षा मोठा व्हायला लागेल. परत वाढलं तर पुन्हा देता येईल." आता दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि सीईए, पुढची तारीख एप्रिलची.

एक काम अजून उरलंय आणि ते माझ्या एकटीचं नाही. एमएसएच२ आणि एमएसएच६ दोन्ही नसणं बहुतेक वेळा घराण्यातून आलेलं असतं. आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. माझ्या रक्ताच्या जनुक-चाचणीत, वीस हजार रुपये आणि चार आठवडे, एमएसएच२ मधला दोष सापडला. तो आईकडून आला, मामाकडेही असणार. माझ्या प्रत्येक भावंडात आणि अपत्यात तो असण्याची शक्यता निम्मी. एकदा घरातला नेमका दोष कळला की बाकीच्यांना तेवढीच एक जागा तपासावी लागते, खर्च बराच कमी येतो. दादा आधी तयार नव्हता, "मला काही होत नाहीये" म्हणून. वहिनीनं परस्पर तारीख घेतली. त्याच्यात दोष निघाला, कोलोनोस्कोपीत एक पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूची छोटी वाढ) सापडला तो तिथंच काढला. आता त्याला दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. मामेभावंडांना मी माझ्या रिपोर्टाची प्रत पाठवली आहे. दोघांनी उत्तर दिलं, एकानं फोन उचलणं बंद केलंय. गर्भाशय काढून टाकायचा विचार माझ्यासाठी चालू आहे, उन्हाळ्यात ठरेल.

मुलगी एकवीसची आहे. या दोषात कोलोनोस्कोपी विशीतच सुरू करायला सांगतात. सध्या ती म्हणते, परीक्षा होऊ दे, मग बघू. मी जबरदस्ती केलेली नाही. परीक्षा १८ एप्रिलला संपते आणि समुपदेशकांची २२ तारखेची वेळ माझ्या नावावर घेऊन ठेवलेली आहे.